वास घेणारे इन्स्पेक्टर

"जरा नाव सांगा बरं तुमचं." सायकलरिक्षा थांबवून ते मागे बसलेल्या सवारीकडे वाकत. वाटावं, यांना कानांनी कमी ऐकू येतं. नावाशी त्यांना काही घेणं नसे. माणूस बोलला की तोंडाचा वास कळतो, एवढंच.

ते आमच्या परवाना कचेरीत रिक्षा इन्स्पेक्टर होते, मी कारकून. सत्तरच्या आसपासची गोष्ट. तेव्हा सीताबर्डीत काही लोक रिक्षातच बाटली उघडत आणि गोंधळ घालत फिरत. म्हणून नियम निघाला: प्यायलेली सवारी सापडली, तर रिक्षावाल्याचा बिल्ला जप्त. बिल्ला गेला की धंदा बंद.

साहेब नियम कडक पाळत. पण चहा पिताना मला विचारत, "पेते कोण, अन् पकडून राहिलो कोणाले आपण?" आणि खरोखरच विचारात पडत.

एका संध्याकाळी मी साहेबांसोबत धंतोलीकडे जात असताना नालीशेजारी एक म्हातारा पडलेला दिसला. कपाळ फुटलेलं, तोंडाला दारूचा वास. शेजारी दौलत नावाचा रिक्षावाला रिकामी रिक्षा घेऊन उभा होता.

"साहेब, घरी सोड म्हणे मले. म्या नाही म्हटलं. पायी निघाला अन् पडला."

"काहून नाही नेलं गा?"

"तुम्हीच बिल्ला काढून घेतला असता ना."

आम्ही म्हाताऱ्याला उचलून रिक्षात घातलं. साहेब त्याला मांडीवर धरून दवाखान्यापर्यंत गेले. म्हातारा वाचला, पण एक डोळा गेला.

त्यानंतर साहेबांची तपासणी बदलली. रिक्षात बाटली दिसली, तर ते सवारीलाच उतरवत. नुसता वास आला, तर रिक्षावाल्याला सांगत, "सांभाळून घरी ने याले."

वरिष्ठांनी बोलावलं. "नियम आता तुम्ही करणार?"

"नाही साहेब. पण बदलून तर पाहा."

तपासणी काढून घेऊन त्यांना कचेरीत आतल्या टेबलावर बसवलं गेलं. पुढे नियम बदलला, साहेबांचंच म्हणणं जरा शुद्ध भाषेत लिहून. तोवर त्यांच्या निवृत्तीचे दिवस आले होते.

ते गावी कायमचे निघाले, त्या सकाळी मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेलो. पुन्हा ते मला दिसले नाहीत. रिक्षा दौलतचीच होती. किल्ल्याजवळचा चढ लागला, तसे साहेब खाली उतरले आणि मागून रिक्षा ढकलू लागले.

"चढावर सवारीनं उतरावं, असा नियम काहून नाही गा?" ते धापा टाकत म्हणाले.

दौलत हसला. मी त्यांची ट्रंक सांभाळत आरामात बसलो होतो. मीही उतरलो.