उर्दूवरून

ती गोष्ट मी मराठीत लिहिली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढी साधी बाब लोकांना पटवताना मला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मंगरूळच्या बाजारात आमचं कल्हईचं दुकान होतं. अब्बा भट्टीजवळ बसायचे, मी भाता ओढायचो. शिकलो मराठी शाळेत. घरात उर्दू आणि वऱ्हाडी एकमेकांत मिसळलेली असायची, पण मनात काही रचायला लागलो की ते मराठीतच यायचं. का, ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाला हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं, मला मात्र जो तो विचारायचा.

गोष्ट अशी होती. एका गावात एक विहीर आहे. उद्या गावात जे बोललं जाणार, ते आज दिवेलागणीला तिच्यातून ऐकू येतं. लोक काठावर येऊन बसतात. दोन जावा उद्याचं भांडण ऐकतात आणि आजच एकमेकींचे पाय धरतात. उद्या आपल्याला कोणीच हाक मारणार नाही हे कळल्यावर एक म्हातारा उठून घरी जातो. पुढे पुढे तर आधी विहिरीत ऐकल्याशिवाय गाव तोंडच उघडत नाही. आणि एका संध्याकाळी विहिरीतून काहीच ऐकू येत नाही. बस, एवढीच.

आधी मी ती माझ्या जुन्या मराठीच्या मास्तरांना दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ही सामाजिक आहे, ऐतिहासिक आहे, की पौराणिक?"

"यातली कोणतीच नाही, सर."

"मग ती छापणार कोण? हिला काहीतरी व्हावंच लागेल."

मी तेव्हा विशीत होतो. मला ते बोलणं झोंबलं, पण पाठ फिरवण्याइतकं नाही. मोटरनं वाशीमला गेलो आणि तिथून रेल्वेनं अकोल्याला. तिथे एक मासिक निघायचं. संपादक माणूस सभ्य होता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. गोष्ट चाळली आणि माझं नाव दोनदा वाचलं.

"तुमचं मराठी फार छान आहे हो," ते म्हणाले.

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर ऐकलं. ज्याची ती भाषा आहे त्याला असं कोणी म्हणत नाही.

"पण हे विहिरीबिहिरीचं काय घेऊन बसलात? तुमच्या समाजातलं लिहा ना. सण, लग्नं, पडद्यातल्या बायका. आमच्या वाचकांना त्याची उत्सुकता आहे."

"आमचे लोक भांडी कल्हई करतात आणि विहिरीचं पाणी पितात," मी म्हणालो. "त्यातलंच आहे हे."

ते हसले आणि गोष्ट ठेवून घेतली. मी आनंदात परतलो. मूर्खच होतो.

अंक आला. माझी गोष्ट बालविभागात होती, एका कोड्याच्या आणि सशाच्या चित्राच्या मधे. शेवटी, जिथे विहीर गप्प होते, तिथे कुणीतरी आणखी एक ओळ जोडली होती: 'इतक्यात आईने हाक मारली आणि बाळू स्वप्नातून जागा झाला.' माझ्या गोष्टीत बाळू नव्हताच. त्याची आईही नव्हती. आणि माझ्या नावाखाली कंसात छापलं होतं, '(उर्दूवरून)'.

अंगाची आग होणे म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. भट्टीजवळ बसून बसून धग अंगवळणी पडलेला माणूस मी, पण तो अंक हातात धरवेना.

त्यात आणखी भर पडली. आमच्या नात्यातल्या एका चाचांचं कापडाचं दुकान होतं. संध्याकाळची नमाज झाली की तिथे चारदोन बुजुर्ग जमायचे आणि जुन्या दास्तानी, शहजाद्यांच्या आणि जिन्नांच्या लांबलचक उर्दू कथा, मोठ्यानं वाचायचे. लहानपणी मी तिथेच कान टवकारून बसायचो. अंकाची बातमी तिथवर पोचली. चाचांनी मला बोलावून घेतलं.

"किस किताब से उठाया, मियाँ?"

"कशातूनच नाही. माझी आहे."

"इसमें तो लिखा है उर्दू से ली. हमने तो कहीं नहीं पढ़ी."

मी त्यांना पूर्ण गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दास्तान है तो शहजादा कहाँ है? जिन्न कहाँ है? कुआँ बोलता है, और बोलने वाला कोई नहीं! और लिखनी ही थी तो अपनी ज़बान में लिखते."

म्हणजे मराठीवाल्यांना ती उर्दू वाटली, आणि उर्दूवाल्यांना ती चोरी वाटली. दोघांनाही माझ्यासाठी जागा करायची होती, पण ती त्यांच्या मापाची. मी मापात बसत नाही हा माझाच दोष!

मी पुन्हा अकोला गाठलं. या खेपेला खुर्ची मिळाली, चहा नाही.

"हे 'उर्दूवरून' कुणी घातलं?"

"अहो, तुमचं नाव बघून लोक विचारणारच. त्यांना काहीतरी धरायला हवं," संपादक म्हणाले.

"आणि बाळू?"

"विहीर बोलते हे मोठ्या माणसानं खरं मानायचं कसं? स्वप्न म्हटलं की प्रश्न मिटला."

"माझा प्रश्न नाही मिटला," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की आतून छपाईचे खिळे जुळवणारे दोघं दारात येऊन उभे राहिले. पुढच्या अंकात खुलासा छापतो, असं संपादकांनी मला सांगितलं. खुलासा कधीच आला नाही.

त्याच सुमारास माझी आपा, थोरली बहीण, आसेगावहून माहेरपणाला आली होती. घरात मी कुणाशी धड बोलत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं मला धरून बसवलं आणि गोष्ट वाचायला लावली, बाळूशिवायची. मला वाटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल. ती मधेच उसळली.

"थांब. हे कोन बोलून राह्यलं विहिरीतून?"

"गावचे लोक."

"कोनत्या गावचे? आपल्या इकडं दोन जावा अशा भांडतात? 'आपण माझा अपमान केलात' म्हने! कायले उगाच पुण्याची विहीर मंगरुळात आनून ठेवली तू?"

मी तिच्यावरही भडकलो. सगळ्यांचं ऐकलं, आता हिचंही ऐकायचं? दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पण भाता ओढताना बाजारातल्या बायांचं बोलणं कानावर पडत होतं, आणि माझी विहीर मला खोटी वाटायला लागली. संपादकानं शेवट बदलला होता, पण गावाचं तोंड तर मीच बदलून ठेवलं होतं, त्याच्यासारख्यांना आवडावं म्हणून. मग मी सगळी गोष्ट परत लिहिली. विहीर आता 'मले', 'तुले', 'काहून' असं बोलायला लागली. वाचून दाखवताना म्हाताऱ्याच्या प्रसंगापाशी आलो, तेव्हा आपा ओढणीनं डोळे पुसायला लागली.

ती गोष्ट छापली एका फाटक्या साप्ताहिकानं. त्यात विभागच नव्हते. कापसाचे भाव, हरवलेल्या बैलाची जाहिरात आणि त्याखाली माझी विहीर, माझ्या नावानिशी, कंसात काहीही नसलेली. मी तो कागद अब्बांना दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि कागद काळा होईल म्हणून पटकन हात मागे घेतला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मानोऱ्याकडचा एक शेतकरी दुकानासमोर येऊन उभा राहिला.

"ते विहिरीचं तुमीच लिवलं काय? कुठं हाये थे विहीर?"

"कुठंच नाही, दादा."

"मंग खोटं कायले छापलं?"

"खोटं नाही. गोष्ट आहे."

"गोष्ट हाये त वर लिवाव ना, गोष्ट म्हून! आमी दोन कोस हिंडून आलो."

तो तणतणत निघून गेला. मास्तर, संपादक, चाचा आणि आता हा! दुपारभर मी भांडी अशी आपटली की अब्बांनी मला घरी पाठवून दिलं. घरी येऊन, जेवण न करता, मी त्याच रागात नवी गोष्ट लिहायला घेतली. तिच्यात जवळच्या पोहरा गावच्या जत्रेत एक तरुण माणूस आपलं म्हातारपण विकायला बसतो. त्याला गिऱ्हाईक मिळतं की नाही, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं.