वीस ग्रॅम आणि सत्तर ग्रॅम

काट्यावर बाळ दोन किलो सातशे तीस ग्रॅम आलं. मी बाळाला उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. दोन किलो सातशे तीस.

मी जुन्नर तालुक्यात उपकेंद्रावर नर्स आहे. घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि नवी बाळं तपासणं हे माझं काम. डिंगोऱ्याजवळच्या एका वस्तीवरचं हे बाळ त्या दिवशी एकोणीस दिवसांचं होतं. जन्माला आलं तेव्हा दोन किलो आठशे. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं, ते ठीक. पण दोन आठवड्यांत भरून यावं लागतं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढावं लागतं. हे चौदाव्या दिवशी दोन किलो सहाशे नव्वद होतं. म्हणजे पाच दिवसांत चाळीस ग्रॅम. रोजचे आठ.

"दूधच न्हाई तिला," बाळाची आजी मंदाबाई म्हणाल्या. "मी पैल्यापास्नं सांगती. पावडरीचा डबा आणला म्हंजी सुटलो."

सून पूजा भिंतीकडे बघत होती. तिची आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. 

मी अंगणात येऊन डॉक्टरांना फोन लावला.

"पाच दिवसांत चाळीस? सिस्टर, पावडर सुरू करा नाहीतर रेफर करा." रेफर म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवणं.

"सर, बाळ जागं आहे, जोरात रडतंय, ताप नाही. लघवी मात्र दिवसाला चार-पाच वेळाच. सहा तरी हवी. मला चार दिवस द्या."

"चारच. रोज वजन कळवा. बाळ सुस्त झालं किंवा लघवी आणखी कमी झाली, तर चार तासही थांबायचं नाही."

चार दिवस मागितले खरे, पण नेमकं काय करणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एकदा बाटली लागली की बाळ अंगावर कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी होतं. मग घरात सगळे म्हणतात, दूध नव्हतंच. आईसुद्धा तेच मानते.

आत येऊन मी पूजाला म्हटलं, "माझ्यासमोर पाज."

पाजण्याआधी बाळाचं वजन घेतलं, पाजल्यावर त्याच कपड्यांत पुन्हा घेतलं. जेवढा फरक, तेवढं दूध पोटात गेलं. मी घड्याळ लावलं होतं. बाळ नीट धरत होतं, गिळल्याचा आवाजही येत होता. पण सातव्या मिनिटाला पूजानं त्याला काढून खाली ठेवलं. फरक वीस ग्रॅम.

"बघा," मंदाबाई म्हणाल्या.

"का गं काढलंस? तो ओढत होता की."

"बसवत नाही, सिस्टर." पूजाचा आवाज अगदी बारीक होता. "पाजायला घेतलं की पोटात खड्डा पडतो. तोंड कोरडं पडतं. हात थरथरायला लागतात. वाटतं, आता हा हातातून सुटंल."

"जेवलीस कधी?"

"नऊला."

घड्याळात दोन वाजले होते.

"आणि आता पुढे?"

"सातला. आत्या शेतातनं आल्यावर," ती सासूकडे बघत म्हणाली.

मधे काही नाही. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीनं चुलीशी जायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. त्यामुळे तिला स्वतः उठून घेणंही नाही. मी मंदाबाईंकडे वळले. आवाज चढलाच होता माझा.

"अहो, पाजणाऱ्या बाईला दहा तास उपाशी ठेवता?"

मंदाबाई बघतच राहिल्या. "आता बया! तुमीच सांगितलं व्हतं की. तिसऱ्या दिशी आला व्हता तवा. मधलं खाणं बंद, दोन टाइमाचं जेवण वेळेवर. मी येक दीस चुकवलं न्हाई. कांद्याची लागवड सोडून सातच्या ठोक्याला ताट वाढलंय."

मी पिशवीतून पूजाच्या भेटींच्या नोंदीचं कार्ड काढलं. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात माझंच अक्षर होतं. 'मधले खाणे बंद. जेवण वेळेवर.' त्या दिवशी पूजाच्या उशाशी तिखट शेवेचं पाकीट दिसलं होतं. ते बंद करायला मी सांगितलं. त्याच्या जागी काय खायचं, ते सांगितलं नाही. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मी विचारलं होतं, "जेवण वेळेवर होतं का?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "हो." दोन्ही वेळा मी खूण केली.

"मंदाबाई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "आता आधी हिला वाढा."

बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, दुधाबरोबर डिंकाचा लाडू. पूजा दोन तांबे पाणी प्यायली. मी वस्तीवरची दुसरी तीन घरं करून दोन तासांनी परत आले. पुन्हा तसंच वजन घेतलं. या वेळी पूजाची पाठ भिंतीला टेकवली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि हातात शेंगदाण्याचा लाडू दिला.

"लेकरू अंगावर आसताना खात्यात व्हय?" मंदाबाईंनी लाडू जवळजवळ हिसकावलाच. "दृष्ट लागंल त्याला."

"मग आपण दोघी पाठ करून बसू."

आणि खरंच बसलो, दाराकडे तोंड करून. मागून लाडू चावल्याचा आणि बाळ गिळल्याचा आवाज येत होता. मंदाबाईंना हसू फुटलं. "दोघंबी खात्यात की ओ!"

पंचवीस मिनिटांनी बाळानं आपणहून सोडलं. मूठ उघडून पडली होती. काट्यानं सत्तर ग्रॅम फरक दाखवला.

मी वजन दोनदा तपासलं. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. दोन तासांपूर्वीच्या भाकरीचं लगेच दूध झालं, असं नाही. दूध आधीही होतं. ती बसूच शकत नव्हती, म्हणून बाळाला ते पुरतं मिळत नव्हतं. आणि हे वजन एकाच वेळचं. त्यावरून सगळं ठरवू नये, हेही खरं. तरी मी त्या आकड्याकडे बघत राहिले. पंचेचाळीस किलोची मुलगी. तिनं पंचवीस मिनिटांत, लाडू खाता खाता, सत्तर ग्रॅम दूध पाजलं. दिवसाला असं आठ-नऊ वेळा. सहाशे ग्रॅम धरले तरी सहा आठवड्यांत पंचवीस किलो. तिच्या स्वतःच्या निम्म्याहून जास्त. अठ्ठावीस वर्षं मी बाळं मोजत आले. आईच्या बाजूनं ही बेरीज कधी केली नव्हती.

मग ठरलं ते असं. भूक लागेल तेव्हा खायचं. दर वेळी पाजताना पाणी हाताशी. उशाशी एक डबा. त्यात गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, भाजलेले हरभरे. मी केळंही म्हटलं. "थंड आसतं," मंदाबाई म्हणाल्या. मी केळ्याचा आग्रह सोडला. आणि बाळ स्वतः सोडेपर्यंत काढायचं नाही.

रोज वजन घेतलं. पहिल्या दिवशी वीसच वाढलं आणि मी काटा पुन्हा शून्यावर आणून बघितला. दुसऱ्या दिवशी पस्तीस. चौथ्या दिवशी बाळ दोन किलो आठशे साठ होतं. चार दिवसांत एकशे तीस. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "ठीक. पावडर नको." एवढंच.

मी काटा आवरत होते. मंदाबाई समोर येऊन बसल्या.

"सिस्टरबाई, मी चार लेकरं पाजली. दीड-दीड वरीस. कुणी मोजलं न्हाई. कितीक झालं आसंल?"

मी कार्डाच्या मागच्या बाजूला मांडलं. रोजचा अर्धा किलो धरला, तर दीड वर्षाचं दोनशे सत्तर. चौघांचं हजार ऐंशी.

"एक टनाच्या वर, मंदाबाई."

त्यांनी कार्ड हातात घेऊन आकडा बघितला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "म्हंजी टेम्पो भरला की, राव! आन मला वाटायचं, मी नुसती घरी बसून व्हते."

लोक आपलं ऐकत नाहीत, अशी तक्रार आम्ही नर्सा कायम करतो. माझा अनुभव असा की ऐकणाऱ्यांच्या घरी जरा लवकर चक्कर मारावी.