नानीबाईची यादी आणि फारुकचा पेनड्राइव्ह

वारंगा फाट्यावरच्या फारुकला रेडिओ दुरुस्त करण्यापेक्षा तो बोलतो कसा, याचीच खाज जास्त. त्यापायी गिऱ्हाइकं ताटकळत बसत. तरी २००८ साली कॉम्प्युटर बिघडला की लोक त्याच्याचकडे येत. फाट्यावर दुसरं होतंच कोण?

डोंगरकड्याची दीक्षा आपला कॉम्प्युटर घेऊन आली तेव्हा रडकुंडीला आली होती. तिची आजी नानीबाई गावची सुईण, फाट्यावरची बाळंतपणंही तीच करायची. कोण कुठल्या सणाला, कुठल्या पहाटे जन्मलं, सगळं तिला तोंडपाठ. दीक्षानं ते तिच्याकडून वदवून कॉम्प्युटरात उतरवलं होतं. मग आजीला लकवा मारला, वाचा गेली. आणि आता कॉम्प्युटर सुरू होईना, सीडीचा खणही मोडलेला.

"आजीला पुन्हा इचारता येत न्हाई, फारुकभाई. जे हाय ते ह्याच डब्यात."

दुकानातल्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. त्यातून पेनड्राइव्हवर छोटं लिनक्स भरायचं आणि त्याच्या जोरावर दीक्षाचा कॉम्प्युटर उठवायचा, असा फारुकचा बेत. फायली उतरल्या, काम संपल्याची खूण आली. पण पेनड्राइव्ह तिकडे लावला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: फाइल सापडत नाही. दुसऱ्या दिवशी नवा पेनड्राइव्ह आणला, तरी रडगाणं तेच.

"काहून?" फारुक पडद्यालाच विचारी. भूक लागल्याचंही त्याला भान नसे.

तिसऱ्या दिवशी लोडशेडिंग चुकलं. एरवी दोनला लाइट जायची. जाताना-येताना झटका मारते म्हणून पाच मिनिटं आधी सगळं उपसून ठेवायची फाट्याची रीत. त्या दिवशी लाइट जाणार नाही असं सकाळीच कळलं होतं, म्हणून घाई नव्हती. पेनड्राइव्ह तसाच राहिला आणि फारुकला दिसलं, काम संपलं तरी त्याचा बारका दिवा लुकलुकतोय!

"आरं, हा अजून खाऊन राहिला!"

कॉम्प्युटर 'दिलं' म्हणत होता, पण माल स्वतःच्या पोटात ठेवून सावकाश सोडत होता. आधीचे दोन्ही दिवस फारुक दोनच्या घाईनं अर्धं जेवलेलं ताट ओढत होता. आता त्यानं पेनड्राइव्ह सोडायची आज्ञा दिली, दिवा निवेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसला, मगच उपसला.

दीक्षाचा कॉम्प्युटर उठला. यादी जशीच्या तशी होती. दीक्षानं डोळे पुसले आणि आधी ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

"माझं बघ ना, अम्मीचं नाव हाजराबी," फारुक म्हणाला. त्याला राहवेना.

दीक्षा वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मग हळूच म्हणाली, "हाजराबी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे. जुळं. आधी पोरगी, घटकाभर जगली. मग पोरगा."

पोरगा म्हणजे फारुक. दुकान बंद करून तो सरळ घरी गेला. आई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"अम्मी, उसका नाम क्या रखा था?"

हाजराबीचा हात परातीतच थांबला.

"आयेशा," ती म्हणाली. "किसने बताया?"