नानांच्या गाडीची लाल गळती

सांगायला लाज वाटते. पण रहिमतपुरात ही गोष्ट आता कुणीही सांगतं, आणि सगळे चुकीची सांगतात. म्हणून म्हटलं, गाढवपणा माझा आहे तर मीच सांगतो.

सांगलीला इंजिनिअरिंगच्या वर्गात मी गिअरबॉक्सची चित्रं भरपूर काढली, हात एकदाही लावला नाही. वैतागलो, सोडून आलो. घरी आल्यावर अक्कल शिकवायला सगळे थोरले हजर! जन्मात ज्यांनी स्क्रू पिळला नाही, तेसुद्धा. सगळ्यांत पुढं आमचे चुलते, नाना. फौजेतनं सुभेदार होऊन रिटायर झालेले. कोरेगाव रस्त्याला त्यांचा एक रिकामा गाळा होता. मला तिथं गॅरेज टाकायचं होतं, आणि नाना काही केल्या देत नव्हते.

एका सकाळी काकू पोर्चमधनं ओरडली, "आवं, गाडीखाली ह्ये लाल काय सांडलंय?"

मी वाकून बघितलं. नानांची गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल लाल असतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

"गिअरबॉक्स गळतोय," मी म्हणालो.

नानांनी डागाकडं बघितलं, काकूकडं बघितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ! एका नजरंत वळाकलं. लय डोकं हाय पोराला. गड्या, गळती काढ, गाळा तुजा!"

नानांनी माझं केलेलं हे जन्मातलं पहिलं कौतुक. तिथंच संशय यायला पाहिजे होता की नको?

गाडीखाली शिरलो. डागाच्या बरोबर वर गिअरबॉक्समधनं रेडिएटरकडं जाणारा ऑइलचा पाइप. जॉइंट कोरडा होता, तरी आवळला. दुसऱ्या दिवशी डाग. साताऱ्याहून नवं वॉशर आणून घातलं. डाग! सील बदललं. डाग मोठा झाला.

तुम्ही म्हणाल, बोट लावून वास नाही का घेतला? घेतला. काताचा आला. म्हटलं, परदेशी ऑइल आहे, असेल.

नाना रोज खुर्ची टाकून बसायचे. "आवळ, आजून आवळ."

"नाना, जास्त आवळलं तर आटे जातील."

"फौजेत आसं आर्धवट चालत न्हवतं. तुमच्या पिढीत जोरच न्हाई रं."

शेवटी एका सकाळी डोकं फिरलं. पान्याला लोखंडी नळी लावली आणि होती नव्हती ती ताकद काढली. कट्‌ असा आवाज आला. म्हटलं, बसला एकदाचा!

तेवढ्यात गाडीच्या पलीकडं नानांच्या चपला येऊन थांबल्या. आणि पिच्च! चाकामागनं लाल पिचकारी आली ती थेट माझ्या तोंडावर.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी नानांचं पान बंद केलेलं. काकू कुंड्या तपासायची, मोरी तपासायची. गाडीखाली कोण वाकतंय?

"नाना, तुमी?"

"गप रं!" नाना खाली वाकून कुजबुजले. "गाळा पायजे का न्हाई?"

मी बाहेर सरकलो, तर समोर काकू. माझं तोंड हनुवटीपर्यंत लाल.

"आगं बया! ह्ये पान खातंय व्हय?"

"मलाबी आत्ताच कळलं," नाना म्हणाले. सीमेवर ह्यांच्या शेजारच्या खंदकात कोण असेल, त्याची मला काळजी वाटली.

आता काय करू, सांगा! ऑइल म्हणावं, तर गळती निघालीच नाही, गाळा गेला. नानांचं पान म्हणावं, तरी गाळा गेला. गाळा नानांचाच!

"माजंच पान हाय, काकू," मी म्हणालो. "डागबी माजंच. गाडी ठणठणीत हाय."

नानांनी समाधानानं खिशातनं गाळ्याची किल्ली काढली.

"ठणठणीत हाय तर चालू करून दाव," काकू म्हणाली.

मी गाडी सुरू केली. त्याबरोबर आटे गेलेला जॉइंट सुटला आणि खाली लाल ऑइलची धार लागली. आधी तांब्याभर, मग बादलीभर. पोर्चमधनं ओघळ निघून फाटकापर्यंत गेला. नानांनी किल्ली गुपचूप परत खिशात टाकली.

काकूनं त्या तळ्याकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं.

"मुडद्या," ती म्हणाली, "दिसाला किती पानं खातोस?"