आधी तुम्ही आ करा

आमच्या आत्याच्या दवाखान्यात पोराला घेऊन आलेल्या आईबापांनाच आधी तोंड उघडावं लागे. नारायणगुड्यात ती दातांची डॉक्टर होती. खुर्ची बघून पोरानं भोकाड पसरायच्या आत ती बापाकडे वळे, "आधी तुम्ही आ करा." बाप ओशाळून जबडा वासायचा आणि पोर रडायचं विसरून त्यात डोकवायचं.

पोरांना ती कधी बोलली नाही. बोलणी खायची ती मोठ्यांनी. रात्री गोड दुधाची बाटली देऊन वर किडक्या दातांवरून लेकाला रागावणाऱ्या एका बाईला तिनं दखनीत सुनावलं होतं, "बच्चे पे कायकू चिल्लारे? बोतल उनो भरा क्या?" पोराला स्वतःचे बूट बांधता येईपर्यंत ब्रश आईबापांच्या हातात, हा तिचा कायदा. रात्री दमून जातो हो, असं कुणी म्हटलं की म्हणायची, "कीड दमत नाही." लोक चिडायचे. तिला त्याचं काही नसे.

माझ्या मुलीचं बोरन्हाण दिलसुखनगरला सासरी होतं. हलव्याचे दागिने घालून लेक पाटावर किरकिरत होती, तिळाची वडी तोंडात जाताच किंचाळली. बायका दृष्ट काढायला धावल्या. आत्यानं मीठमोहऱ्या बाजूला सारल्या आणि मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. लेकीचे पाय माझ्या कुशीत, डोकं आत्याच्या मांडीवर. पुढचे दात हिरडीपाशी तपकिरी झालेले मला तेव्हा दिसले.

"सणाच्या दिवशी हे काय अपशकुन करायलात?" सासूबाई कडाडल्या. "दुधाचे दात, पडणारच की!"

"पडू देत ना, आपल्या वेळेला. तोवर पोरीनं जेवायचं कशानं?" आत्या जागची हलली नाही. "रात्री बाटली कोण देतं?"

बाटली सासूबाईच देत. साखर घातलेलं दूध, झोप लागेपर्यंत तोंडात.

"आजपासून त्यात नुसतं पाणी."

"लेकरू रडंल!"

"रडू दे. आत्ता काय हसतंय?"

पुढचे दोन दात काढावे लागले, बाकीचे वाचले. आत्याला मात्र त्या घरचं बोलावणं बंद झालं. पुढच्या संक्रांतीला ती न बोलावताच आली, पिशवीभर बोरं, शेंगा नि चुरमुरे घेऊन. दारातच म्हणाली, "गोड बोलेन, पण पोरांना गोड चारणार नाही." सासूबाईंनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती तासभर बसून गेली.

गेल्या दिवाळीनंतर आत्या वारली. तिची आठवण आली की मला रडू येत नाही, चेव येतो.

या संक्रांतीला नणंदेच्या मुलाचं बोरन्हाण होतं. पाटावर बसलेल्या पोराच्या तोंडात बाटली, बाटलीत गोड दूध. मी पदर खोचला.

"आधी तू आ कर," मी नणंदेला म्हटलं.

"वहिनी, आज नको गं. सगळे बघायलेत."

"आली, आत्याची भाची!" मागून कुणीतरी पुटपुटलं. म्हणा काय म्हणायचं ते. मी पोराला उचलून खाली बैठक मारली, पण समोर बसायला कुणी येईना. नणंद खिडकीबाहेर बघत राहिली.

तेवढ्यात सासूबाई कण्हत उठल्या, माझ्यासमोर बसल्या आणि गुडघ्याला गुडघा लावला.

"पाय मी धरते," त्या म्हणाल्या. "तू नीट बघ."