भागाकारात न बसलेल्या तिघी

शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात मी झाडलोट करते. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोजवळ. डेपो जवळ आहे ते एक बरं, कारण आम्हा तिघी सफाईवाल्यांना जायचं झालं तर तिथल्याच संडासात पळावं लागतं. कॉलेजातले बायकांचे तीन संडास रोज आम्हीच धुतो. धुऊन झाले की बाहेरच्या दाराला कुलूप. चावी स्टाफरूममधल्या खिळ्याला. मॅडमना मिळते, शिकणाऱ्या पोरींना मिळते, आम्हाला नाही. मला शुगर आहे, सारखं जावं लागतं. पण चावी मागायला माझं तोंड कधी उघडलं नाही.

यंदा नवीन टूम निघाली. गणितातून सामाजिक न्याय शिकवायचा. पेरू वाटणं बंद, आता अन्याय भागायचा. एका पोरीने पाठासाठी बायका आणि संडास घेतले. आधी वस्तीतले भागले. सगळ्यांनी च् च् केलं, तक्त्यावर लाल खांब उभा राहिला. मग कॉलेजचे. "पंचेचाळीस बायका, तीन संडास. एकामागे पंधरा. वस्तीपेक्षा किती छान!" खांब हिरवा.

मी मागे फडकं घेऊन उभी होते. कसं कोण जाणे, बोलून गेले, "ताई, त्यातून आम्हा तिघींना काढा. आम्हाला चावी देत नाहीत."

"वा! मावशींनी सुंदर मुद्दा मांडला," सर म्हणाले. टाळ्या झाल्या. पोरगी बिचारी आमचा वेगळा खांब काढायला लागली. तीन बायका, संडास शून्य. सरांनी तिला थांबवलं. "अगं, शून्याने भागता येत नाही. यांना तक्त्यात घेता येणार नाही."

मी चौथी शिकलेली. आता गणितच नको म्हणतंय तर सरांचा काय दोष? चावी द्यावी, हे कुणाला सुचलं नाही. ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासात असेल.

तपासणीला साहेब येणार, म्हणून तक्ता स्टाफरूममध्ये लावायचा ठरला. खिळा एकच. सर म्हणाले, "मावशी, ती चावी काढा. ठेवा कुठेतरी."

ठेवली. कमरेच्या बटव्यात. आणि आधी जाऊन आले.

दुपारी एक मोठ्या मॅडम घाईघाईने आल्या. "अगं मावशी, चावी कुठंय?"

"माझ्याकडे आहे ना मॅडम," मी म्हटलं. "मागितली की देते."