माईकचं लायसन्स

ज्या माणसाचा घसा दर शनिवारी मैदानभर वाजतो, त्याच्याच घशात एक गोष्ट अडकून बसली आहे — आणि ती आजवर एकाही माणसासमोर बाहेर पडलेली नाही. शलाकाला, माझ्या बायकोला, ती ठाऊक नाही. इराला, आमच्या मुलीला, नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी हवापाण्यावर बोललो असतो. सिंगापुरात तो विषय दोन वाक्यांत संपतो, तरी मी तो तासभर ताणला असता.

आधी माईकचं सांगतो. तुम्हाला वाटेल हा टाळतोय. टाळतोयच.

मी इथे एका बँकेच्या आयटीत आहे. सेंगकांगला भाड्याचा फ्लॅट. इरा शनिवारी सॉफ्टबॉल खेळते — बेसबॉलची धाकटी बहीण म्हणा — अमेरिकन कुटुंबांनी सुरू केलेली मुलींची लीग आहे, आता त्यात सगळेच आहेत. सामन्यात नावं पुकारायला कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला. केला कसला, उडीच मारली.

कारण मला एक वेड आहे. अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये नावं पुकारणारे लोक असतात. कॉमेंटेटर नव्हे हां, तो टीव्हीवर बडबडतो. हा माणूस मैदानातच बसतो, खेळाडू पुढे आला की नंबर, जागा, नाव एवढंच सांगतो आणि गप्प होतो. त्यातले काही एकाच मैदानावर उभा जन्म काढतात. चेहरा कुणाला माहीत नसतो, पण आजोबा, बाप आणि नातू, तिघांनीही आपापल्या लहानपणी तोच आवाज ऐकलेला असतो. ऑफिसात कानाला हेडफोन लावून मी त्यांची जुनी रेकॉर्डिंग ऐकत असतो, आणि शेजारच्याला वाटतं मी मीटिंगमध्ये आहे. कुठे थांबायचं, घरच्या संघाचं नाव कसं ताणायचं, पाहुण्यांचं कसं सपाट घ्यायचं, सगळं मी शिकलो. बाथरूमच्या आरशासमोर चाळिशीत 'र' गोल करायला शिकलो. लोक म्हणतात, काय आवाज आहे, रेडिओवर असता! मला ते ऐकून आता चीड येते. पूर्वी यायची नाही. पूर्वी मी ते घरी येऊन शलाकाला जसंच्या तसं सांगायचो.

आणि मग अप्पा आले. शलाकाचे वडील.

अप्पा सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पण सांगलीकडच्या त्यांच्या गावात त्यांना बँकेमुळे कुणी ओळखत नाही. गावात कबड्डीचे सामने असले की माईकवर अप्पा. वर्षानुवर्षं. त्यांची रीत माझ्या अगदी उलट. सामन्याआधी ते प्रत्येक पोराला गाठून विचारणार — बाळ, कुणाचा तू? घरनं कोण आलंय बघायला? आणि मग चढाईच्या वेळी सगळ्या गावाला सांगणार, की हा अमक्याचा थोरला, आई त्या लिंबाखाली उभी आहे, बघून खेळ रे बाबा. सासूबाई गेल्या आणि अप्पांनी माईक सोडला. बोलणंही सोडलं म्हणा. म्हणून तर शलाकाने त्यांना हट्टाने इकडे आणलं. तिला एवढंच हवं होतं, की अप्पांनी पुन्हा पूर्वीसारखं बोलावं.

सिंगापूर त्यांना आवडलं. कशामुळे, सांगू? पाट्यांमुळे. हे करू नका, ते करू नका, मेट्रोत खाऊ नका, ते उग्र वासाचं ड्यूरियन फळ आणू नका, नाहीतर दंड. अप्पा प्रत्येक पाटीसमोर थांबून ती पूर्ण वाचायचे आणि म्हणायचे, "याला म्हणतात कारभार!" मला थट्टेत म्हणायचे, "मिलिंदराव, जावई दशमग्रह असतो, त्याला पण इथे पाटी लावून ठेवा." आम्ही हसायचो. खरंच हसायचो. मला ते आवडायचे हो. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सोपं होऊन बसेल.

एका शनिवारी सामना चालू असताना विजेचा भोंगा वाजला. इथे आभाळात वीज दिसायच्या आधीच मैदानावर भोंगा होतो आणि सगळ्यांना शेडखाली जावं लागतं. मुली कंटाळलेल्या, आया मोबाईलमध्ये, मी पाणी आणायला गेलो. माईक टेबलावर, चालूच. परत येतोय तर कानावर काय येतं? अप्पा! पाहुण्या संघाच्या बाकाशी उभे राहून, कुणाला काही विचारत, आणि मग माईकमध्ये — "धिस इज क्लोई! फ्रॉम पुंगोल! हर मदर हॅज कम. व्हेअर इज मदर? मदर, प्लीज स्टँड अप!"

आणि मदर उभी राहिली.

मग दुसरीची उभी राहिली. कुणाची आजी, कुणाची मोलकरीण ताई, कुणाचा बाप लाजत लाजत. सगळ्या शेडमध्ये टाळ्या. एक मुलगी मघाशी बाद होऊन रडत बसली होती, तिने नाक पुसलं आणि स्वतःच अप्पांच्या शर्टाची बाही ओढली, की मला पण घ्या. शलाकाच्या डोळ्यांना धार लागली होती. मी पाण्याच्या बाटल्या धरून उभा.

अप्पांच्या इंग्रजीची लाज वाटली मला, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. बरेच महिने सांगितलं. लाज ही जरा परवडणारी गोष्ट आहे, नाही का? परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या माणसांच्या इंग्रजीची लाज वाटते, मग लाज वाटल्याची लाज वाटते, लोक समजून घेतात. पण ते खोटं आहे. मला लाज वाटली नाही. माझ्या पोटात दुखलं. इतकी वर्षं मी त्या टेबलाशी बसून नावं ताणतोय, आणि माझ्या आवाजाला कधी एकही आई उभी राहिली नव्हती.

लीगचं सगळं बघणाऱ्या मिस टॅन धावत आल्या, इथल्या इंग्रजीतलं ते 'लाह'चं शेपूट लावत. "वा, अंकल सो गुड, लाह! नेक्स्ट वीक फायनल, लेट अंकल डू, कॅन?"

मी म्हटलं, "कॅन, कॅन."

तो आठवडा आमच्या घरात सण असल्यासारखा गेला. इरा शाळेतून आली की आजोबा-नात खाली व्हॉईड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखाली मोकळी जागा असते तिथे. ही एकेका मुलीचं नाव सांगणार, तिचं घर कुठे, सामन्याला कोण येतं. अप्पा ते मोठ्याने म्हणणार. येणारेजाणारे थांबून बघायचे. शलाका स्वयंपाकघरातून म्हणायची, "ऐकलंस? अप्पांचा आवाज वर येतोय!" मी हो म्हणायचो. येत होता ना. तेच तर सहन होत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी अप्पा आणि मी खालून दूध घेऊन परत येत होतो. लिफ्टपाशी सूचनांचा फलक, अप्पा नेहमीप्रमाणे वाचत उभे. आणि मी म्हणालो, "अप्पा, एक अडचण झालीय. इथे सार्वजनिक जागी माईकवर बोलायला लायसन्स लागतं."

बस्स. इतकं सहज. आधी ठरवलं होतं का? नाही म्हणावंसं वाटतं. पण मग पुढचं वाक्य इतकं तयार कसं होतं? "माझ्याकडे आहे. परीक्षा देऊन काढलंय."

दुसऱ्या कुठल्या देशात हे खपलं असतं? गावाकडे कुणी म्हटलं असतं तर अप्पांनी टोपी उडवली असती त्याची. पण इथे — ज्या माणसाने महिनाभर पाट्या वाचून वाहवा केली, त्याला यात नवल काय वाटणार? मला वाटलं होतं ते हिरमुसतील. ते हिरमुसले नाहीत. ते घाबरले.

"मग गेल्या शनिवारी मी बोललो ते?"

मी लिफ्टचं बटण दाबलं.

"तुमचा तो अर्ज आहे ना, कायम राहण्याचा? त्याला काही बाधा नाही ना येणार?"

आमचा पीआरचा अर्ज तेव्हा गेलेला होता, उत्तर यायचं होतं. आणि इथे मला थांबता आलं असतं. इथे हसून म्हणता आलं असतं, अप्पा, चेष्टा केली हो तुमची. माझ्याकडे वेळ होता, लिफ्टसुद्धा यायची होती. मी काय म्हणालो? "बघू. कुणी तक्रार केली नाही म्हणजे मिळवली."

हा तो गुन्हा. लायसन्सची थाप मत्सरातून आली, पण हे 'बघू' कशातून आलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मिस टॅनना मी कळवलं की अंकलचा घसा बसलाय. शलाकाला सांगितलं, अप्पाच नको म्हणाले, ऐन वेळी बुजले. अप्पांना बजावलं की शलाकाला लायसन्सचं बोलू नका, उगीच अर्जाच्या काळजीने झोप उडेल तिची. ते मला म्हणाले, "बरं केलंत तिला नाही सांगितलंत ते."

फायनलला अप्पा सगळ्यात मागे बसले. मिस टॅन घशासाठी त्यांना मधाचं गरम पाणी घेऊन गेल्या. मी टेबलावरून बघत होतो — आता दोन थापा एकमेकींना भेटणार! पण अप्पांना वाटलं, बाई समजूत घालायला आली आहे. त्यांनी हात जोडले, हळूच थँक्यू म्हणाले आणि ते पाणी संपवलं. इरा बॅट घेऊन उतरण्याआधी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाबा, व्हाय आजोबा डोन्ट वॉन्ट? ही नोज एव्हरीबडीज मम्मी, लाह." मी म्हटलं, दमलेत ते. आणि मग मी तिचं नाव पुकारलं, लांब ताणून, झकास. त्या दिवसासारखं मी कधीच पुकारलं नव्हतं.

त्यानंतर अप्पा कुजबुजायला लागले. घरातसुद्धा. बहिणीचा फोन आला तर खोलीचं दार लावून घ्यायचे. मेट्रोत तर ओठ उघडायचे नाहीत. पाट्या वाचायचे, पण तोंडाने काही म्हणायचे नाहीत. शलाका मला विचारायची, "इतके छान खुलले होते रे, एकदम काय झालं?" मी म्हणायचो, आईंची आठवण येत असेल. गेलेल्या बाईच्या आडोशाला लपलो मी. त्या बाईने दर दिवाळीला मला ओवाळलं होतं.

ते परत गेले आणि काही महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. कारण देत नाहीत इथे, कुणालाच देत नाहीत. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर शलाका चहा बघायला उठली, तेव्हा अप्पा पडद्याच्या अगदी जवळ आले. "मिलिंदराव, माझ्यामुळे तर नाही ना?"

मी म्हणालो, "कारण सांगत नाहीत हो ते अप्पा. काहीही असू शकतं."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. इतका सावध झालो होतो मी तोवर. त्यांनी मान हलवली. गावात ते माझं कौतुक करतात म्हणे, की आमच्या जावयाकडे सिंगापूरचं माईकचं लायसन्स आहे. मेहुण्याने हसत हसत मला सांगितलं. मीही हसलो. दर रविवारी चिडतो मी स्वतःवर, भांडी आपटतो, इरावर ओरडतो, आणि रविवार संपतो. फोन तर माझ्या खिशातच असतो ना? काय लागतं एका वाक्याला?

यंदा गावात पुन्हा सामने भरले. मंडळाची पोरं अप्पांकडे गेली, त्यांनी नाही म्हटलं. शलाकाला वाईट वाटलं. मला म्हणाली, तू सांग, तुझं ऐकतात ते. मी गॅलरीत जाऊन फोन लावला आणि म्हटलं, अप्पा, घ्या ना माईक, सगळे वाट बघतायत.

"नको," अप्पा म्हणाले. "देवाला बोललोय मी. पोरीचं तिकडचं काम होईस्तोवर माईकला हात लावायचा नाही. तुमचा पुन्हा अर्ज जायचाय ना? तो मंजूर होऊ दे, मग बोलू की. आवाज कुठं पळून जातोय?"

पुन्हा अर्ज करायचा नाही, हे शलाकाचं आणि माझं केव्हाच ठरलेलं आहे. पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला परतायचं म्हणतोय. अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

मी म्हणालो, "बरं, अप्पा."

आत आलो. शलाकाने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, वय झालं म्हणतात.